नैसर्गिक असले तरी मोजूनच

अरोमाथेरपीच्या शिकवण्यांमध्ये एक गोष्ट हमखास सांगितली जाते. रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाचा हात 1910 साली प्रयोगशाळेत भाजला. वेदनेच्या भरात त्याने तो शेजारच्या लव्हेंडर तेलाच्या भांड्यात बुडवला आणि जखम डागही न राहता बरी झाली. ऐकणारे भारावतात, आणि घरी गेल्यावर भाजल्या-कापल्यावर, मुरुमांवर, डासाच्या चाव्यावर बाटलीतले तेल जसेच्या तसे लावू लागतात. गातफोसे यांनी 1937 साली आपल्या पुस्तकात स्वतः लिहिलेली हकीकत मात्र वेगळी आहे. स्फोटानंतर अंगावर पेटलेले द्रव उडाले. बाहेरच्या गवतावर लोळून त्यांनी ती आग विझवली. पुढे दोन्ही हातांवर गॅस गँग्रीन झपाट्याने पसरू लागले आणि त्या अवस्थेत लव्हेंडरच्या अर्काने हात धुतल्यावर ते थांबले, असे ते सांगतात. प्रतिजैविके अस्तित्वात नव्हती तो हा काळ. आपल्या कामाचा पदार्थ पुरता जाणणाऱ्या माणसाने जिवावर बेतले असताना केलेला तो उपाय होता. त्याची दंतकथा करून सोळा वर्षांच्या मुलीला ‘मुरुमावर थेट लाव’ असे सांगणे हा अडाणीपणा आहे, आणि त्यातून पैसे मिळत असतील तर अपराध आहे.

अपराध हा शब्द मी विचार करून वापरते आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत, पार्लरांत, योगवर्गांत आणि बाळंतिणीच्या खोलीतही इसेन्शियल ऑइलच्या तपकिरी बाटल्या आल्या आहेत. त्यांत लव्हेंडर सर्वांत लाडके. झोपेला, डोकेदुखीला, केसांना, चेहऱ्याला, सगळ्यालाच ते चालते अशी समजूत आहे. ‘बाकीची तेले पातळ करून लावायची, पण लव्हेंडर आणि टी ट्री ही दोन थेट लावली तरी चालतात’, हा सल्ला तर शहाणीसुरती माणसेही छातीठोकपणे देतात. त्यामागचे एकमेव प्रमाण म्हणजे ‘नैसर्गिक आहे ना, मग काही होत नाही’ हे वाक्य. या वाक्याने आपल्याला मोजण्याच्या जबाबदारीतून मोकळे केले आहे. माझे भांडण लव्हेंडरशी नाही, या मोकळीकीशी आहे.

आधी ते तेल म्हणजे काय ते पाहू. लव्हेंडरच्या फुलोऱ्यातून वाफ सोडतात, वाफेबरोबर सुगंधी द्रव्ये उडून येतात, थंड झाल्यावर ती पाण्यावर तरंगतात आणि वरचेवर काढून घेतात. एक लिटर तेलाला साधारण शंभर किलोच्या आसपास ताजी फुले लागतात. जम्मूतल्या डोडा जिल्ह्यात भद्रवाहच्या शेतकऱ्यांनी मक्याच्या जागी ही जांभळी शेती उभी केली. जम्मूच्या सीएसआयआर-आयआयआयएम या संस्थेने त्यांना रोपे दिली, अर्क काढायची यंत्रे दिली. तिथल्या तेलाच्या खरेदीदारांत मुंबईच्या कंपन्याही आहेत. म्हणजे हे तेल आता फ्रान्सच्या प्रोव्हान्समधलेच राहिलेले नाही, आपल्याच देशातल्या घामाचे आहे. एवढ्या फुलांचा ऐवज एका बाटलीत कोंबलेला असतो. ती बाटली उघडून तळहातावर उपडी करणे म्हणजे आमटीत चिमटीऐवजी मूठभर हिंग टाकण्यासारखे आहे.

इथे परंपरेचा दाखला दिला जातो. ‘आपल्या आज्या-पणज्या तेलेच लावायच्या की!’ लावायच्या, पण कोणती? वैद्यकातली औषधी तेले घ्या. आयुर्वेदाचार्य शार्ङ्गधराने घालून दिलेल्या सर्वसाधारण प्रमाणात एक भाग वनस्पतीचा कल्क, चार भाग तेल आणि सोळा भाग काढा किंवा अन्य द्रव असतो. हे सगळे पाणी आटेपर्यंत मंद आचेवर शिजवायचे. म्हणजे वनस्पतीचा जो काही अंश उतरतो तो मुळातच तिळाच्या तेलात उतरतो. घरी जास्वंद किंवा माका घालून खोबरेल कढवतात तेही याच जातीचे. कनौजचे अत्तर घ्या. उकळत्या देगमधली गुलाबाची वाफ भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, येते तेव्हा तिथे परंपरेने चंदनाचे तेल तिची वाट पाहत असते, सुगंध त्यात मुरतो. आपल्या परंपरेत बेस तेल आधी होते आणि सुगंध त्याच्या आधाराने आला. शंभर टक्के अर्काची बाटली घरोघरी पोहोचणे ही गोष्ट अगदी अलीकडची, कारखान्यांच्या आणि ऑनलाइन विक्रीच्या काळातली आहे. म्हणून तिच्या वापराचे नियम आजीच्या आठवणींत सापडणार नाहीत. ते नव्याने शिकावे लागतील. आणि आजीकडून काही घ्यायचेच असेल तर वैद्याने सांगितलेले प्रमाण न बदलण्याची तिची शिस्त घ्यावी.

आता ‘काही होत नाही’चा समाचार. होते ते दोन प्रकारचे. एक म्हणजे साधी जळजळ: तीव्र तेल लावले, त्वचा लाल झाली, धुतल्यावर काही वेळाने शांत झाली. हे लगेच कळते म्हणून त्यातल्या त्यात बरे. दुसरा प्रकार फसवा आहे. लव्हेंडर तेलात मुख्यतः लिनलूल आणि लिनलिल ॲसिटेट ही दोन द्रव्ये असतात. ताजी असताना ती बरीच सौम्य असतात. पण हवा लागली की ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यांची हायड्रोपेरॉक्साइडे तयार होतात आणि ही मात्र त्वचेला ॲलर्जी शिकवणारी द्रव्ये आहेत. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी हे वर्षानुवर्षे अभ्यासून मांडले. 2008 साली त्यांनी दाखवले की लव्हेंडरच्या तेलात या बिघाडापासून वाचवणारे नैसर्गिक कवच असेल ही आशाही खोटी आहे: शुद्ध लिनलूल जसे हवेने बिघडते तसेच तेलही बिघडते. पुढे अनेक देशांत मिळून, त्वचाविकाराच्या दवाखान्यांत आलेल्या सुमारे तीन हजार रुग्णांची हवेने बिघडलेल्या लिनलूलने पॅच टेस्ट झाली. शंभरात सात-एक जणांची त्वचा उठली. हे आकडे दवाखान्यात आलेल्यांचे आहेत, सगळ्या समाजाचे नव्हेत, हे मान्य. पण एका लाडक्या सुवासासाठी हे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

‘ॲलर्जी शिकवणारी’ असे म्हटले कारण ती खरोखर शिकण्याचीच क्रिया आहे. पहिल्या दिवशी काही होत नाही, पहिल्या महिन्यातही कदाचित नाही. शरीराच्या संरक्षक पेशी त्या द्रव्याची ओळख पटवून घेत असतात. ती एकदा पटली की पुढच्या प्रत्येक स्पर्शाला पुरळ, खाज, पाणी सुटणे. तेही लगेच नाही, एक ते तीन दिवसांनी. म्हणून शनिवारी लावलेल्या तेलाचा दोष सोमवारी खाल्लेल्या वांग्याच्या भाजीवर जातो. आणि ही ओळख बहुधा जन्मभर पुसली जात नाही. लिनलूल काही लव्हेंडरच्याच बाटलीत नसते. साबण, शांपू, कपडे धुण्याची पावडर, डिओ, फरशी पुसण्याचे द्रावण, सगळीकडे ते सुवासासाठी वापरतात. एका मुरुमासाठी केलेल्या अविचाराने माणूस पुढची चाळीस वर्षे प्रत्येक लेबल वाचत बसतो.

आणि हे सगळे एका समाजात एकाच वेळी कसे घडते तेही नोंदलेले आहे. जपानमध्ये सौंदर्यप्रसाधनांमुळे त्वचा बिघडल्याचा संशय असलेल्या रुग्णांची 1990 ते 1998 अशी नऊ वर्षे लव्हेंडर तेलाने पॅच टेस्ट केली गेली. सुरुवातीला शंभरात एखादाच रुग्ण सापडे. 1997मध्ये आकडा एकाएकी वर उसळला आणि शेवटी शंभरात जवळजवळ चौदापर्यंत गेला. त्याच सुमारास तिथे लव्हेंडर अरोमाथेरपीची आणि उशीत, कपाटात सुकी फुले ठेवण्याची फॅशन आली होती. रुग्णांना विचारल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणांकडे ती फुले सापडलीही. आज आपल्या बाजारपेठा तशाच लाटेवर आहेत. आपल्याकडे मोजणी कोण करणार आहे, मला माहीत नाही. पण मोजणी होत नाही म्हणून खाज थांबत नाही.

या लाटेत सर्वांत आधी कोण बुडते? ज्या ग्राहकाला महिन्यातून एकदा मसाज परवडतो तो नव्हे. तो मसाज देणारी मुलगी बुडते. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या मसाज करणाऱ्यांची पाहणी 2004 साली प्रसिद्ध झाली. वर्षभरात हातांच्या त्वचेचा दाह झाल्याचे शंभरातल्या पंधरा जणांनी स्वतः सांगितले. लक्षणे विचारून पाहिली तेव्हा हा आकडा तेवीसवर गेला. जे मसाजच्या तेलात वा क्रीममध्ये अरोमाथेरपीची द्रव्ये वापरत त्यांच्यात धोका तिपटीहून अधिक होता. आपल्या शहरांतल्या पार्लरांत लहान गावांतून आलेल्या मुली दहा-दहा तास हे काम करतात. अशा एका मुलीचे हात मी जवळून पाहिले आहेत. बोटांच्या बेचक्यांत कातडे सोलून चकचकीत लाल झालेले, अंगठ्याच्या पेराला आडवी चीर आणि तिच्यावर पांढरी चिकटपट्टी. पट्टीच्या कडा तेलाने सुटून वर आल्या होत्या. ‘पाण्यानं होतं ताई,’ ती म्हणाली. मालकिणीनेच तिला तसे सांगितले होते. टेबलावरच्या बाटलीतले लव्हेंडर ती मोजत नव्हती, तळहातावर ‘वास येईपर्यंत’ टाकत होती, कारण तिला तसेच शिकवले गेले होते. तिच्या पोटाचे साधन म्हणजे तिचे हात. एक्झिमा झाला तर तिला रजा नाही, भरपाई नाही, दुसरे काम नाही. आपल्या गुळगुळीत पाठीची किंमत त्या हातांनी भरावी हे कोणत्या न्यायात बसते? पार्लरच्या मालकांनी आधी तयार पातळ तेल द्यावे, निर्भेळ अर्काची बाटली मुलींच्या हाती देऊच नये आणि मिसळण्याचे काम करणाऱ्याला नायट्राइलचे हातमोजे द्यावेत. लॅटेक्सचे नकोत, तेलाने ते मऊ पडून फाटतात. याला खर्च फार येत नाही. लागते ती दुसऱ्याच्या शरीराची किंमत वाटण्याची वृत्ती.

मोजायचे कसे, हे आता नीट सांगते. ‘काळजी घ्या’ असे सांगून थांबणारा उपदेश मला अर्धवट वाटतो. थेंब हे माप नाही. औषधशास्त्रात एक मिलीला वीस थेंब धरण्याची रीत आहे, पण प्रत्यक्षात बाटलीच्या तोंडातल्या प्लॅस्टिकच्या बुचातून कधी वीस पडतात, कधी तीसहून अधिक. काचेच्या ड्रॉपरचा हिशेब आणखी वेगळा. म्हणून औषधाच्या दुकानातून सुई नसलेली एक मिलीची सिरिंज आणावी. ती काही रुपयांत मिळते. 100 मिलीची गडद काचेची बाटली धुऊन पूर्ण वाळवावी, आत पाण्याचा टिपूसही नको. तिच्यात 99 मिली बेस तेल घालावे आणि 1 मिली लव्हेंडर. हे झाले एक टक्का. 30 मिलीची बाटली असेल तर एक टक्क्याला 0.3 मिली, आणि 10 मिलीच्या रोल-ऑनला दोन टक्के हवे असतील तर 0.2 मिली. बाटली दोन्ही तळव्यांमध्ये धरून हळूहळू फिरवावी. मग चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेनाने लिहावे: लव्हेंडर एक टक्का, तिळाचे तेल, आणि आजची तारीख. ही चिकटपट्टी सर्वांत महत्त्वाची आहे. घरात बिननावाची तेलाची बाटली असणे म्हणजे कुणीतरी ती कधीतरी चुकीच्या जागी ओतणार हे ठरलेले.

किती टक्के कुणाला? चेहऱ्याला अर्धा ते एक टक्का पुरे. निरोगी प्रौढ माणसाच्या अंगाच्या मसाजला एक ते दोन. तीन टक्क्यांच्या वर घरच्या घरी जाण्याचे कारणच नाही. जास्त तेलाने जास्त गुण येतो हा हिशेब त्वचेला लागू होत नाही, वासालाही नाही: एक टक्क्याचा सुगंध खोलीभर दरवळतो. ज्यांना आधीपासून एक्झिमा आहे, सुवासिक वस्तूंनी त्रास होतो, त्यांनी यापासून लांबच राहावे. चिरलेल्या, सोललेल्या, भाजलेल्या त्वचेवर लावू नये. भाजल्यावर वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे, आणि मग डॉक्टर. गरोदर स्त्रीने आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

नवे मिश्रण लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी लावून पाहावे. दोन दिवस ती जागा धुऊ नये, आणि चौथ्या दिवसापर्यंत तिच्यावर नजर ठेवावी. तासाभरात काही झाले नाही म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही, कारण ॲलर्जी उशिरा बोलते. आणि या परीक्षेत पास झाल्याने पुढेही कायम चालेल अशी हमी मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. खाज आली की थांबायचे. ‘विष बाहेर पडतंय, चालू ठेवा’ असे कुणी सांगितले तर त्या माणसाकडून पुन्हा काहीही विकत घेऊ नका. पुरळ ही शरीराची तक्रार आहे. तिला उपचाराची खूण म्हणणे ही निव्वळ फसवणूक आहे आणि तिच्यापायी लोकांनी आठवडेच्या आठवडे स्वतःचे कातडे सोलून घेतले आहे.

बेस तेलाबद्दल थोडे. तिळाचे, सूर्यफुलाचे, बदामाचे, खोबरेल, जोजोबा, यांतले कोणतेही चालते. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजते, तेव्हा थंडीत बाटली कोमट पाण्यात ठेवावी लागते, आणि मुरुमांच्या चेहऱ्याला ते जड पडते. शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी घरात कुणाला असेल तर ती तेले वगळावीत. मोहरीचे तेल मुळातच त्वचेला झोंबणारे आहे, यासाठी घेऊ नये. कोणत्याही तेलाला खवट वास आला की ते दिव्याला. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिनसुद्धा उत्तम बेस आहे. ते खवट होत नाही, ॲलर्जी क्वचित देते. खनिज तेल म्हणून त्याला नाक मुरडणारे लोक त्याच हाताने निर्भेळ लव्हेंडर चेहऱ्याला चोपडतात, तेव्हा ‘नैसर्गिक’ या शिक्क्याने आपली बुद्धी किती गहाण पडली आहे ते दिसते.

पाण्यात मात्र तेल विरघळत नाही. ही शाळेत शिकलेली गोष्ट सौंदर्यसल्ल्यांत पार विसरली जाते. गुलाबपाण्यात दोन थेंब, कोरफडीच्या गरात तीन थेंब, आंघोळीच्या बादलीत पाच थेंब असे सांगतात. बादलीत ते थेंब वर तरंगतात आणि तांब्यातून पहिल्याच झोतात निर्भेळ अंगावर येतात, लहान मुलाच्या बाबतीत डोळ्यांतही. मुलतानी मातीच्या लेपाचेही तेच: थेंब जिथे पडला तिथे तो जसाच्या तसा राहतो. आधी तेलात मिसळायचे, मग पुढचे काय ते.

साठवणूक हीही मोजण्याइतकीच नैतिक बाब आहे, कारण हवेने बिघडलेले तेल ताज्या तेलापेक्षा अधिक घातक असते हे वर पाहिलेच. सुगंधउद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना इफ्रा आपल्या सदस्यांना लिनलूलमधल्या पेरॉक्साइडची मर्यादा घालून देते: लिटरला 20 मिलीमोल. कारखान्यात ही काळजी घेतली जाते आणि आपण ती बाटली खिडकीत, उन्हात, बूच सैल ठेवून तीन वर्षे वापरतो. लहान बाटली घ्या, झाकण घट्ट लावा, फ्रिजमध्ये मुलांच्या हाताला न लागेल अशा जागी ठेवा, उघडल्याची तारीख लिहा आणि वर्ष-दीड वर्षात संपवा किंवा टाकून द्या. महाग होते म्हणून जुने तेल त्वचेवर संपवणे ही काटकसर नव्हे.

तान्ह्या बाळांबद्दल माझे मत कडक आहे. परदेशी अरोमाथेरपीच्या अभ्यासू पुस्तकांत तीन महिन्यांपुढच्या बाळाला पाव टक्का, फार तर अर्धा टक्का अशा मर्यादा सापडतात. मी म्हणते, त्याला हवे कशाला? बाळाची त्वचा पातळ असते, वजनाच्या मानाने तिचे क्षेत्र मोठे असते आणि मालिशीनंतर त्याची बोटे तोंडात जातात. बाळाला मालिशीतला स्पर्श हवा असतो, ऊब हवी असते. सुगंध मोठ्यांना हवा असतो. मालिशवाल्या बाईंना सासूबाईंनी आणि सुनेने मिळून सांगावे: मावशी, साधे तेल लावा, बाटलीतले थेंब नकोत. आणि ही बाटली, निलगिरीची बाटली, कापराच्या वड्या, सगळे कुलपात ठेवा. निलगिरीचे तेल किंवा कापूर पोटात गेल्याने लहान मुलांना झटके येतात, हे आपल्या बालरोगतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. लव्हेंडरही प्यायची वस्तू नाही.

मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक वाद आहे. 2007 साली अमेरिकेत वयात न आलेल्या तीन मुलग्यांची छाती वाढल्याची नोंद झाली आणि लव्हेंडर व टी ट्री असलेल्या साबण-लोशनांवर संशय घेतला गेला. वापर थांबवल्यावर ती वाढ ओसरली. पुढे या निष्कर्षावर कडक टीकाही झाली आणि प्रश्न निकालात निघालेला नाही. पण ज्याची गरजच नाही तिथे असा संशयही पोरांच्या अंगावर का घ्यायचा?

राहिला विकणारा. बाजारात ‘लव्हेंडर ऑइल’ म्हणून मिळणाऱ्या वस्तू एकसारख्या नाहीत. खरे लव्हेंडर म्हणजे लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया. लव्हँडिन हा संकर स्वस्त पडतो, त्यात कापूर बराच जास्त असतो. स्पाइक लव्हेंडर त्याहून उग्र. शिवाय प्रयोगशाळेत बनवलेले लिनलूल मिसळून वाढवलेली तेले आहेत आणि निव्वळ सुवासिक रसायने आहेत, जी अगरबत्तीसाठी ठीक असतील, अंगासाठी नाहीत. खरे तेल बिनरंगी किंवा फिकट पिवळे असते. बाटलीतले तेल जांभळे दिसले तर त्यात रंग घातला आहे हे नक्की. मिश्रणात काय आहे हे युरोपात लपवता येत नाही. त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात लिनलूल 0.001 टक्क्याहून जास्त असले तर त्याचे नाव लेबलावर लिहावेच लागते. आपल्या एक टक्क्याच्या मिश्रणात ते या रेषेच्या तीनशे पट भरते. 2003 साली अशा 26 सुगंधी द्रव्यांची यादी झाली. 2023मध्ये ती 80च्या वर गेली आणि लव्हेंडरच्या तेलाचे नावही तिच्यात आले. आपल्याकडे ‘फ्रेग्रन्स’ एवढा एकच शब्द छापून मोकळी झालेली लेबले सर्रास दिसतात, आणि घरगुती ब्रँडच्या बाटल्यांवर तर तेवढेही नसते.

बचत गटांतल्या आणि घरून व्यवसाय करणाऱ्या माझ्या भगिनींनी हे मनावर घ्यावे. तुम्ही कष्टाने तेल करता, मान्य. पण ज्या बाईने विश्वासाने तुमची बाटली घेतली तिला टक्का सांगण्याचे टाळून तुम्ही तिचा विश्वास विकता आहात. ‘सीक्रेट रेसिपी’ ही सबब लोणच्याला चालेल, त्वचेवर लावायच्या वस्तूला नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला मालाचा दर्जा, प्रमाण आणि शुद्धता यांच्याबरोबर त्याची तीव्रता जाणून घेण्याचाही हक्क दिलेला आहे. हा हक्क कागदावर पडून आहे, कारण आपण विचारत नाही. विचारणे आपल्याला भांडखोरपणा वाटतो. देवघरापासून दवाखान्यापर्यंत ‘ते सांगतात तर बरोबरच असेल’ ही सवय आपल्या हाडीमाशी भिनली आहे आणि तपकिरी बाटली त्याच सवयीवर खपते.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे. तेल विकत घेताना वनस्पतीचे पूर्ण नाव, अर्क काढल्याची किंवा बाटली भरल्याची तारीख आणि मिश्रण असेल तर टक्का विचारा. पार्लरमध्ये खुर्चीत बसण्याआधी विचारा: यात लव्हेंडर किती टक्के, कशात मिसळले, कधी मिसळले? विचारताना ज्या मुलीचे हात तुमच्या अंगाला लागणार आहेत तिच्या हातांकडेही पाहा आणि तिच्या मालकिणीशी त्याबद्दल बोला. उत्तर आकड्यात मिळाले नाही, तर ते तेल लावून घेऊ नका.